रेनेसान्स वॅक्स: मुरारच्या बटणांवर दोन पावसाळ्यांचा अनुभव

ग्वाल्हेरच्या मुरारजवळच्या आमच्या शेतात धातुशोधक यंत्राने सापडलेल्या पाच लष्करी बटणांसाठी मी रेनेसान्स वॅक्सची 65 मिलिलिटरची डबी मागवली, त्याला आता दोन पावसाळे झाले. शेत स्वतःचे असले, तरी 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, म्हणून ते पत्र आम्ही आधी दिले.

हे सूक्ष्मस्फटिकी मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात तयार झाले. ते वस्तू स्वच्छ करत नाही, तर स्वच्छ आणि कोरड्या धातूवर हवा व घामापासून संरक्षण देणारा पातळ थर बसवते. ज्यांना चकाकी हवी आहे, त्यांनी ही डबी घेऊ नये.

मेण लावण्याआधी बटण वाचून घ्यावे, कारण त्याची ओळख पटवणाऱ्या खुणा घासण्याने पुसल्या जातात. ब्रिटिश पायदळात साध्या शिपायांची बटणे 1855 पर्यंत कथलाच्या मिश्रधातूची असत, नंतर ती पितळी झाली. 1871 पासून पलटणीच्या आकड्याऐवजी त्यांवर सिंह आणि एकशृंग (एका शिंगाचा काल्पनिक घोडा) असलेले राजचिन्ह आले. मुरारची ब्रिटिश छावणी आणि ग्वाल्हेरचा किल्ला 1886 मध्ये शिंद्यांना परत मिळाले, हे लक्षात ठेवले की राजचिन्हाचे बटण आमच्या शेतात कसे आले असेल, याचा तर्क करता येतो. मागच्या बाजूचे कारखानदाराचे नावही भिंगाखाली पाहावे. आमच्याकडे एका अधिकाऱ्याच्या बटणावर सोनेरी मुलामा होता. घरातल्या देवाच्या भांड्यांप्रमाणे ते चिंच आणि मीठ लावून घासले गेले आणि मुलाम्याखालचा गंज विरघळताच वरचे सोनेही निघून आले. ते नुकसान कोणत्याही मेणाने भरून येत नाही.

बाकीची पितळी बटणे मी ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी बदलत, बुडवून ठेवली. माती लाकडी दातकोरणीने काढली आणि पूर्ण वाळल्यावर मऊ कापडाने मेणाचा अगदी पातळ थर लावून हलकेच पुसला. थर जाड झाला तर आकड्यांच्या खाचांत पांढरट साका उरतो. एका बटणाबाबत मी घाई केली. आत क्षार राहिले होते आणि पहिल्याच पावसाळ्यात मेणाखालून फिकट हिरवी, भुरभुरणारी पूड उमटली. हा क्लोराइडमुळे होणारा क्षय आहे. मेण त्याला थांबवत नाही, हे उत्पादनाच्या डबीवर ठळकपणे सांगायला हवे होते. ते बटण मिनरल टर्पेंटाइनने पुसून पुन्हा पाण्यात ठेवावे लागले. उरलेल्या पितळी बटणांवर मात्र दोन्ही पावसाळ्यांत नवा डाग पडला नाही, आणि हाताळल्यावर बोटांचे ठसेही उमटत नाहीत, ही माझ्या दृष्टीने या मेणाची खरी किंमत आहे. अर्थात ती ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात आहेत, त्याचेही श्रेय मोठे आहे.

मेण लावताना त्यातल्या द्रावकाचा उग्र वास येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एवढ्या बटणांना नखभर मेण पुरले. उरलेल्या डबीचे झाकण घट्ट लावावे, कारण द्रावक उडून गेले की मेण कडक होते आणि पातळ थर बसवणे अवघड जाते.