रोबोटिक सर्जरी करताय? टेबलाजवळ कोण उभं राहणार ते आधी विचारा

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोटने झालं, व्यवस्थित झालं. सर्जन चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात, मला लिहायचंय त्यांच्या सर्जिकल केअर प्रॅक्टिशनर मॅडमबद्दल.

भेटल्यावर पहिलं वाक्य, "मी डॉक्टर नाही, मी थिएटरची नर्स होते, नंतर हे ट्रेनिंग घेतलं, सर्जनच्या देखरेखीखाली काम करते." इतकं स्पष्ट सांगितलं ना, तिथेच विश्वास बसला. ब्रिटनमध्ये तर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडने या कामाचा रीतसर अभ्यासक्रमच ठरवून दिलाय.

रोबोट स्वतःहून काही करत नाही, सर्जन बाजूला कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रावर, बसून त्याचे हात चालवतात, म्हणजे त्या वेळी पेशंटजवळ ते नसतातच, गाऊन घालून तिथे उभ्या असतात त्या या मॅडम. पोटातल्या छोट्या पोर्टना, म्हणजे छोट्या छेदातून बसवलेल्या नळ्यांना, रोबोटचे हात जोडायचे, हत्यारं बदलायची, कॅमेरा धूसर झाला की काढून पुसायचा, वेगळ्या पोर्टमधून सक्शन द्यायचं म्हणजे आतलं रक्त-पाणी ओढून घ्यायचं, क्लिप लावायची, सुई आत द्यायची आणि तीच सुई बाहेर आली ना ते बघायचं.

या ऑपरेशनला डोकं खाली, पाय वर असं बराच वेळ ठेवतात आणि बाबांचा खांदा आधीच धरलेला. मॅडमनी आदल्या दिवशी वॉर्डात येऊन हात हळूहळू उचलून कुठपर्यंत जातो ते बघितलं, लिहून घेतलं, कारण एकदा रोबोट जोडला की काही खास टेबलं सोडली तर साधं टेबल हलवता येत नाही, आधी सगळं सोडवावं लागतं.

मी घाबरत घाबरत विचारलं, मध्येच जोरात रक्त आलं तर? न चिडता सांगितलं, सर्जन गाऊन-ग्लोव्हज घालून टेबलाशी येईपर्यंत रक्त आवरून धरायचं, हत्यारं बाहेर काढायची, हात सोडवून रोबोट मागे घ्यायचा, कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं आणि टीम त्याचा सराव करते. हे ऐकून आईला त्या रात्री झोप लागली.

घरी आल्यावर कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, शंका आली तेव्हाही फोन त्यांनीच घेतला, आणि जे त्यांच्या हातात नव्हतं ते लगेच सर्जनना विचारून कळवलं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो हॉस्पिटलच्या काउंटरचा, माहितीपत्रकात मशीनचे फोटोच फोटो आणि या कामाबद्दल एक ओळ नाही, "असिस्ट कोण करणार, किती अनुभव आहे" विचारलं तर "टीम असते" एवढंच उत्तर मिळालं.