गूगल बिझनेस प्रोफाइल : तारकर्ली-देवबागच्या छोट्या होमस्टेवाल्यांसाठी फुकटातलं सगळ्यात कामाचं

मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात ज्यांचा दोन-चार खोल्यांचा होमस्टे आहे, घरगुती खानावळ आहे किंवा एखादी बोट आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मामीच्या होमस्टेचं आणि वाडीतल्या आणखी काही जणांचं ऑनलाइन काम मी बघते, इन्स्टा, फेसबुक, बुकिंगच्या साईट्स सगळं वापरून झालंय, आणि माझं स्पष्ट मत आहे की हातात थोडाच वेळ असेल तर तो आधी गूगल बिझनेस प्रोफाइलला द्या, म्हणजे गूगलवर किंवा मॅप्सवर शोधलं की आपल्या धंद्याची जागा, फोन, फोटो आणि रिव्ह्यू दाखवणारं जे पान येतं त्याला. पूर्वी ह्यालाच गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं, आता वेगळं अ‍ॅप पण लागत नाही, मॅप्स किंवा सर्चमधूनच सगळं करता येतं. खर्च शून्य.

रील बघणारा माणूस "काय भारी पाणी आहे" म्हणतो आणि पुढची रील बघतो. पण जो कोल्हापूरहून फोंडा घाट उतरताना गाडीतच "तारकर्ली होमस्टे" टाइप करतो त्याला आज रात्री खोली पाहिजे असते, सोबत आईवडील असतात, पोरं पेंगलेली असतात. त्याला दिसायला हवं की घर नक्की कुठे आहे, जेवण मिळतं का, गाडी आत लागते का, आणि फोन कोण उचलतं. ही सगळी उत्तरं एका जागी देणारं दुसरं काही मला तरी सापडलं नाही.

सगळ्यात आधी पिन, म्हणजे मॅप्सवर आपली जागा दाखवणारी खूण. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, घरांना नंबर नाहीत, पत्ता म्हणजे वाडीचं नाव आणि "अमक्याच्या घराच्या मागे". पिन थोडी जरी सरकलेली असली तरी पाहुणा रात्री भलत्याच पाणंदीत शिरतो. म्हणून पिन ओढून थेट आपल्या गेटवर आणा आणि मॅप्समध्ये जो प्लस कोड (त्या जागेचा अक्षरं-आकड्यांचा छोटा पत्ता) दिसतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या मेसेजमध्ये टाकून ठेवा.

मग फोटो. सूर्यास्ताचे फोटो सगळ्यांकडे आहेत हो, तुम्ही बाथरूमचा टाका! खरंच सांगते, फोनवर सगळ्यात जास्त विचारलं जातं ते वेस्टर्न टॉयलेट आहे का आणि पार्किंग आहे का. मामीने स्वतः वाढलेलं सुरमईचं ताट, सोलकढी, खोलीची खिडकी, अंगण, जिना असेल तर जिना, म्हणजे गुडघेदुखीवाली आजी सोबत असेल तर घरच्यांना आधीच कळतं. फोटो मोबाईलवर दिवसाउजेडी काढा, फिल्टर नको.

रिव्ह्यूंना उत्तर देणं लोक टाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मामी पण म्हणायची, "ह्या माका जमाचा नाय", आता ती बोलते आणि फोन टाइप करतो, चक्क मराठीत. बेळगाव-हुबळीकडचे पाहुणे ट्रान्सलेट करून वाचतात. कोणी लिहिलं की पाणी गरम नव्हतं, तर वाद न घालता काय दुरुस्त केलं ते लिहायचं, पुढचा पाहुणा रिव्ह्यूइतकंच तुमचं उत्तर पण वाचतो. रिव्ह्यू मागायला प्रोफाइलमधून लिंक मिळते, ती निघताना पाठवा, पण "पाच स्टार द्या, बिलात सूट देतो" हे अजिबात नको, ते नियमात बसत नाही आणि पाहुण्याला पण कळतं.

बोटवाल्यांनी तर हे वापरायलाच पाहिजे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी आणि स्कूबा बंद असतं, आणि तरी लोक जुलैत पोरांना घेऊन जेट्टीवर येऊन उभे राहतात. तेव्हा प्रोफाइल "तात्पुरतं बंद" करून ठेवा, सीझन उघडला की चालू करा आणि अपडेटमध्ये तसं लिहा. खानावळवाल्यांसाठी आंगणेवाडीची जत्रा आहेच, तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, ती जाहीर झाली की त्याच दिवशी वेळा आणि शाकाहारी जेवणाचं टाकून मोकळं व्हायचं.

आता कमी काय ते. प्रोफाइलमधून फुकट वेबसाईट बनायची ती २०२४ मध्ये बंद झाली, चॅट पण त्याच वर्षी गेलं, त्यामुळे बोलायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लागतंच, तिथे कॅटलॉगमध्ये खोल्या आणि क्विक रिप्लायमध्ये दर ठेवले की काम भागतं. व्हेरिफिकेशनला, म्हणजे धंदा खरंच तुमचा आहे का हे गूगल तपासतं तेव्हा, बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, रस्ता, बोर्ड, आणि जागा तुमचीच आहे हे दिसेल असं काही, म्हणजे कुलूप उघडताना वगैरे, आणि हे सगळं न कापता एका दमात शूट करावं लागतं, म्हणून आधी बोर्ड लावा. नावात "बेस्ट बीच रिसॉर्ट तारकर्ली" असलं काही घुसडू नका, बोर्डवर आहे तेच नाव, नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. आणि ह्याने बुकिंग साईट्स लगेच सोडता येतील असं नाही, नवीन पाहुणा तिथूनही येतो, पण परत येणारा थेट फोन करतो आणि कमिशन वाचतं, आमच्याकडे हा फरक स्पष्ट दिसतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायचीय. वाडीतल्या एका काकांचं प्रोफाइल एका एजन्सीवाल्याने स्वतःच्या मेल आयडीवरून बनवलं, दर वर्षी पैसे घेतले, आणि काकांना स्वतःचा फोन नंबर बदलायचा तरी त्याच्या पाया पडावं लागायचं. शेवटी ओनरशिपची रिक्वेस्ट टाकून ते सोडवून घेतलं. प्रायमरी ओनर कायम तुम्हीच राहा, मदत करणाऱ्याला फक्त मॅनेजर करा, मग तो भाचा असो नाहीतर कंपनी. आणि "गूगलमधून बोलतोय, लिस्टिंग बंद होईल, पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या, ओटीपी तर कोणालाच नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मालवणच्या आसपास कोणाला पिन किंवा व्हिडिओ जमत नसेल तर खाली लिहा, मी दिवाळीच्या आधी गावी आहे, येऊन करून देईन, पैसे नकोत.