अस्तित्ववादी कोचिंग : करिअरच्या पेचात कितपत कामाचं?

नोकरी सोडावी की नाही, हा प्रश्न घेऊन गेल्यावर नेहमीचा करिअर कोच ध्येय विचारतो, पर्याय लिहायला लावतो, तारखा ठरवतो. अस्तित्ववादी कोच, म्हणजे स्वातंत्र्य, निवड, मृत्यू अशा प्रश्नांचा विचार करणाऱ्या अस्तित्ववादी तत्त्वज्ञानावर चालणारा कोच, यातलं काहीच लगेच करत नाही. पहिलं सत्र जवळपास सगळं अनुभवाच्या वर्णनातच जातं, आणि या सेवेचं खरं मोल तिथेच आहे.

ही पद्धत जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लच्या फेनॉमेनॉलॉजीतून, म्हणजे अनुभव जसा येतो तसाच पाहण्याच्या विचारातून आलेली. कोच स्वतःची गृहीतकं बाजूला ठेवतो आणि समोरच्याच्या कुठल्याही तपशिलाला आधीपासून जास्त वजन देत नाही. 'का' हा प्रश्न तो टाळतो, कारण 'का' विचारलं की पगार, बॉस, वय अशी तयार उत्तरं येतात. 'कामाचा कंटाळा आलाय' म्हटल्यावर तो विचारतो : कोणतं काम समोर आल्यावर? त्याच्या आधी काय चाललं होतं? अशा तासाभरानंतर बहुतेकदा मूळ प्रश्नच बदलतो. कंटाळा कामाचा नसून कुणी काही न विचारण्याचा निघतो.

पुढे चार जगांचा, म्हणजे जगण्याच्या चार बाजूंचा, तक्ता येतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ बिन्स्वांगरने भौतिक, सामाजिक आणि वैयक्तिक अशी तीन जगं मांडली, अस्तित्ववादी मानसोपचारतज्ज्ञ एमी व्हान ड्युर्झेन यांनी मूल्यांचं चौथं जोडलं. कागदाचे चार भाग करून समोरचा एकेक पर्याय चारही भागांत तपासायचा. सामाजिक भागात दहा ओळी आणि वैयक्तिक भाग कोरा राहिला, तर पुढच्या सत्राचा विषय मिळाला.

बिघडतं ते माणसाच्या स्वातंत्र्यावर भर देणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रपाशी. 'मला दुसरा मार्गच नाही' या वाक्यामागे अनेकदा आत्मवंचना असते, आणि चांगला कोच ती हळूच दाखवतो : 'मी हे निवडतोय, कारण...' असं वाक्य पुरं करायला लावतो. पण अर्धवट वाचन केलेले कोच यावरून 'तू पूर्ण स्वतंत्र आहेस' असं ठणकावतात. कर्ज, आजारी आईवडील, हातातली कौशल्यं ही परिस्थिती खरी असते; सार्त्रनेही 1943 साली स्वातंत्र्य मांडलं ते या परिस्थितीच्या आतलंच. ती वगळली की कोचिंग दोष देण्याचं साधन बनतं. हा या सेवेतला सर्वांत गंभीर दोष आहे, आणि तो दिसला की थांबलेलं बरं.

मृत्यूवरचे प्रश्न, स्वतःचा मृत्युलेख लिहिण्याचा सराव वगैरे पहिल्याच भेटीत काढणारे कोचही टाळावेत. विश्वास बसण्याआधी त्याने भीती वाढते, निर्णय होत नाही.

डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने 1844 मध्ये चिंतेला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं. त्यामुळे निर्णयाआधीची अस्वस्थता इथे दाबली जात नाही, हे योग्यच. मात्र दोन आठवडे झोप आणि भूक गेली असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर ते कोचिंगचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. अशा वेळी कोच कुणाकडे पाठवणार, हे करारातच लिहून घ्यावं.

बायोडेटा सुधारायचा किंवा मुलाखतीची तयारी करायची असेल, तर इथे पैसे घालू नयेत. पन्नास-साठ मिनिटांची सहा ते आठ सत्रं, मध्ये पंधरा दिवसांची मोकळीक, आणि दर सत्राअखेर एखादी छोटी प्रत्यक्ष कृती (त्या क्षेत्रातल्या एकाला भेटणं, एका कामाला नकार देणं) असा आराखडा ज्याच्याकडे आहे, तोच निवडावा. आणि त्याच्या कामावर सुपरव्हिजन (अनुभवी तज्ज्ञाची देखरेख) कोण करतं, हे पहिल्याच फोनवर विचारावं.