'डीमन स्लेयर'चा पहिला खंड : काही महिने वाचून झाल्यावर

कोयोहारु गोतोगे यांच्या 'डीमन स्लेयर : किमेत्सु नो याइबा' या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला खंड घरात येऊन आता बरेच महिने झाले. आधी मुलीने वाचला, मग मी, आणि नंतर धाकट्याला शेजारी बसवून मराठीत सांगत सांगत पुन्हा सगळा वाचला. तेव्हापासून पुस्तक काही कपाटात टिकत नाही. पहिल्या वाचनात तलवारी आणि राक्षस डोक्यात राहतात. पुन्हा पुन्हा वाचल्यावर त्या लढाया मागे पडल्या आणि मला दिसू लागलं ते एका थोरल्या भावाचं न संपणारं काम. हा खंड मला इतका आवडतो तो त्यासाठीच.

कथा जपानच्या तैशो काळातली, म्हणजे 1912 ते 1926 मधली. तांजिरो डोंगरावर राहणारा, कोळसा विकणारा मुलगा. वडील वारलेले, घरी आई आणि पाच धाकटी भावंडं. नवीन वर्षाला सगळ्यांना पोटभर जेवायला मिळावं म्हणून तो भर बर्फात कोळसा विकायला खाली गावात जातो. परत निघेपर्यंत अंधारतं. वाटेतला एक म्हातारा त्याला राक्षसांची भीती घालून रात्री ठेवून घेतो. सकाळी घरी पोचतो तर घरातली माणसं मारली गेलेली. बहीण नेझुको तेवढी जिवंत आहे, पण ती राक्षस झाली आहे.

पहिलंच प्रकरण या खंडातलं सर्वांत चांगलं आहे. तांजिरो निघताना नेझुको त्याला वाटेत भेटते, तेव्हा सगळ्यांत धाकटा रोकुता तिच्या पाठुंगळीला झोपलेला असतो. दादा जाताना दिसला तर तो रडेल, म्हणून तिने आधीच त्याला निजवलंय. पुढे थोड्याच पानांत तीच नेझुको तांजिरोच्या पाठुंगळीला असते आणि तो तिला घेऊन बर्फातून धडपडत चाललेला असतो. कुणी यावर एक शब्द बोलत नाही. मलाही हे बऱ्याच उशिराने लक्षात आलं, आणि तेव्हापासून ती दोन चित्रं मला वेगवेगळी दिसतच नाहीत.

बर्फही जरा निरखून बघा. चित्रकाराने तो बराचसा काढलेलाच नाही, कागद कोरा सोडलाय. रक्त काळं. घराच्या दाराशी पडलेली माणसं त्या कोऱ्या पांढऱ्यावर अशी उठून दिसतात की रंगांची गरजच वाटत नाही. यावरचा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, मी नंतर पाहिला, तो देखणा आहे यात वादच नाही, पण हा कोरडा धक्का मला कागदावरच जास्त बसला.

मग गियू तोमिओका येतो, राक्षसांना मारणारा तलवारबाज. तांजिरो बहिणीच्या जिवासाठी बर्फात डोकं टेकवून गयावया करतो आणि गियू त्याच्यावर भडकतो : जगायचं की मरायचं हे दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस. मनातून त्याला त्या पोराची किती कणव आलीय ते वाचकालाच कळतं. तांजिरो कुऱ्हाड वर फेकून रिकाम्या हाताने त्याच्या अंगावर धावून जातो ती जागा माझ्या मुलाने इतक्यांदा उघडलीय की तिथे पानं सैल झालीत. त्यानंतर भुकेने व्याकूळ झालेली नेझुको बेशुद्ध भावाला खायचं सोडून त्याच्यासमोर आडवी उभी राहते. पुढची सगळी कथा या एका कृतीवर उभी आहे.

मला त्याहून प्रिय आहे टोपलीचा छोटासा प्रसंग. ऊन लागलं तर बहीण मरेल, म्हणून तांजिरो एका शेतकऱ्याकडे टोपली, थोडे बांबू आणि पेंढा मागतो. टोपली मोडकी आहे, पैसे नकोत, असं तो माणूस म्हणतो. तांजिरो तरी पैसे देतोच. आदल्याच दिवशी सगळं घर गेलेला मुलगा, पण आईने लावलेलं वळण सुटलेलं नाही. कोळसा विकून जगणाऱ्या घरातलं हे मूल आहे, आणि गोतोगे यांना ते घर नीट माहीत आहे असं अशा जागी पटतं.

उणिवा आहेतच. सुरुवातीची चित्रं कच्ची वाटतात. एकच चेहरा दोन चौकटींत वेगळा दिसतो. तांजिरो आपण काय करतोय ते फार बोलून दाखवतो. तांजिरोला राक्षसांशी लढायला शिकवणारे गुरू उरोकोदाकी, त्यांच्या हाताखालच्या शिक्षणात लढताना वापरायच्या श्वासाच्या तंत्राबद्दल जेमतेम काहीतरी कळतं आणि कथा घाईने पुढे सरकते. सर्वांत मोठी तक्रार म्हणजे नेझुको खंडाचा बराच भाग झोपूनच असते. भावाबहिणीच्या कथेतून बहीणच गायब! तांजिरो तिच्यासाठी रोजनिशी लिहितो, तिने ती भरपाई थोडी होते. पण निवाऱ्यात स्वतःच खड्डा खणून उन्हापासून लपलेली, डोकं तेवढं बाहेर काढून बघणारी नेझुको इतकी जिवंत उतरलीय की ती आणखी हवी होती.

राक्षसांकडे बघण्याची दृष्टी मात्र या पहिल्याच खंडात पक्की झालेली आहे. राक्षस मारणारे होण्याच्या शेवटच्या चाचणीसाठी मुलांना ज्या डोंगरावर सोडतात तिथे व्हिस्टेरियाची फुलं बारमाही फुलतात. राक्षसांना ती सहन होत नाहीत, म्हणून ते आत अडकलेले. मुलांनी तिथे सात दिवस जिवंत राहायचं. तिथला हातांनी वेढलेला राक्षस तांजिरोला विचारतो की आता कोणता काळ चालू आहे, आणि तैशो हे उत्तर ऐकून थयथयाट करतो. किती वर्षं आपण इथे कोंडून पडलो ते त्याला तेव्हा कळतं. तो क्रूर आहे, भयंकर आहे, तरी त्या आक्रोशाने माझ्या अंगावर काटा आला.

माझी प्रत विझ मीडियाची इंग्रजी आवृत्ती आहे. छपाई काळीभोर, अक्षर वाचायला सोपं. बांधणी चिकटवलेली असल्याने पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही आणि मधल्या घडीत थोडं चित्र जातं. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय मुलांना लगेच झाली, मला थोडा वेळ लागला. ऑनलाइन फार स्वस्तात दिसणाऱ्या प्रतींपासून जपून राहा. ओळखीच्या घरी अशी एक नकली प्रत पाहिली : काळा रंग राखाडी आणि बारीक रेषा पुसलेल्या. बर्फाची ती पानं तिच्यात अक्षरशः मेलेली होती.

लहान मुलांना एकट्याने वाचायला देऊ नका. तुटलेली मुंडकी आहेत, मेलेली भावंडं आहेत. माझ्या धाकट्याला मी पहिलं प्रकरण दिवसाउजेडी, थांबत थांबत वाचून दाखवलं आणि त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं.

एकूण 23 खंड आहेत. मालिका जपानमध्ये 2016 ते 2020 या काळात साप्ताहिकात येऊन पूर्ण झालेली असल्यामुळे पुढचा भाग कधी येईल म्हणून ताटकळावं लागत नाही. फक्त पहिला खंड चाचणी चालू असतानाच संपतो, तेव्हा दुसरा सोबतच मागवा. आमच्याकडे तो नंतर मागवला आणि पार्सल येईपर्यंत मुलीने रोज दारात डोकावून बघितलं.