१,८०० रुपयांचं बोलतं शास्त्र

मराठीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणारा, सोलरवर चालणारा खोका आमच्या मिरजेत चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच घरांत येऊन बसलाय. जुन्या ट्रान्झिस्टरएवढा आकार, मागे सोलरची पट्टी, पुढे स्पीकर आणि बटणं. आमच्याकडे तो आईसाठी आला. आई मिशन हॉस्पिटलची निवृत्त नर्स, वय ८२, डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं, त्यामुळे मोठ्या टायपातलं शास्त्रसुद्धा आता तिला वाचता येत नाही. एका अधिवेशनातल्या स्टॉलवर १,८०० रुपयांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं मोबाईल-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आणि असल्या खोक्यांची पोटं आतून सारखीच असतात, वरचं स्टिकर तेवढं बदलतं.

तर आधी पोट. वॉरंटीचा कागद फाडून खोलला (आमच्या धंद्यात हे पापात धरत नाहीत). आत एक १८६५० चा लिथियम सेल, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असतो तसला, त्यावर २,००० एमएएच लिहिलेलं. सोलरची पट्टी अर्ध्या वॅटची. आता हिशेब करा. सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे साठा साधारण साडेसात वॅट-अवर. काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी ही पट्टी कडक उन्हात तो भरायला १५ तास घेणार, आणि वाया जातंच, तेव्हा २० धरा. ‘दिवसभर उन्हात ठेवा, रात्रभर ऐका’ असं डब्यावर छापलंय, ते विश्वासाने घ्यायचं. विजेच्या हिशेबात बसत नाही. पावसाळ्यात तर पट्टी नुसती शोभेची. सरळ मोबाईलचा चार्जर लावा. एकदा भरला की मधल्या आवाजावर आईला दोन दिवस पुरतो.

आवाज मात्र खरंच चांगला. स्पीकर छोटा असूनही शब्द फाटत नाहीत. वाचणारा घाई करत नाही, वंशावळ्यांतली नावंसुद्धा नीट उच्चारतो. तक्रार एकच, नव्या करारात त्यांनी नाटक घातलंय. मेंढरं ओरडतात, घोडे धावतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू वादळ शांत करतो तिथे एवढा गडगडाट, की आई म्हणाली, “अरे, ढगच ऐकू येतायत. तो वाऱ्याला काय म्हणाला ते कुठाय?”

खरा वैताग बटणांचा. एक बटण पुस्तकाचं, एक अध्यायाचं, आणि दोन्ही एकेकच पुढे सरकतात. आईला रोज १२१ वं स्तोत्र लागतं, डोंगरांकडे नजर लावून मदत कुठून येणार असं विचारणारं. स्तोत्रसंहिता हे शास्त्रातलं १९ वं पुस्तक. तिथवर पोचायचं आणि मग अध्यायाचं बटण दाबत बसायचं. वाटेत ११९ वं लागतं, १७६ ओव्यांचं, तिथे बोट थांबलं तर चहा गार होतो. बटण दाबून धरलं की दहा-दहाने पळतं, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. मला ते खोलाखोलीत सापडलं. बटणांवर बोटाला लागेल अशी खूणही नाही. आंधळ्या-अधू माणसांसाठी वस्तू करायची आणि बटणं सगळी गुळगुळीत! आमच्या खोक्यावर मी फेव्हिक्विकचे ठिपके दिलेत, पुस्तकाला एक, अध्यायाला दोन.

भाषांतर कुठलं भरलंय तेही डब्यावर छापलेलं नाही. आईचं अर्धं शास्त्र जुन्या भाषेत पाठ आहे. खोक्यात निघालं सोप्या मराठीतलं. ती एक शब्द पुढे असते आणि खोका दुसराच म्हणतो, मग ती त्याला दुरुस्त करते. घेण्याआधी दोन ओव्या ऐकून घ्या.

एवढं असून वाचनासाठी हा खोका मी नजर अधू झालेल्या कुणालाही घ्यायला सांगेन. विश्वास ऐकण्याने येतो, असं प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात लिहिलंय. इंग्रज मिशनरी विल्यम केरीने १८११ साली बंगालातल्या सेरामपूरला मराठी नवा करार छापला, तेव्हा तो हातात घेऊन वाचू शकणारे असे किती असतील? एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. खोका तेच काम करतोय, आणि त्याचा घसा बसत नाही. ज्यांची नजर शाबूत आहे त्यांनी मात्र पैसे घालवू नयेत. यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप २००८ पासून फुकट आहे, जाहिराती नाहीत, मराठी भाषांतरंही आहेत. ते अ‍ॅप तुम्ही सलग किती दिवस उघडलं ते मोजतं. माझी मुलगी त्या आकड्यावर खूश असते. मला तो हजेरीपट वाटतो, पण तिच्यासमोर बोलत नाही.

आता खोक्यावरचं शेवटचं बटण, ‘प्रार्थना’. सकाळची, रात्रीची, प्रवासाची, आजाऱ्यांसाठीची अशा भरून ठेवलेल्या प्रार्थना. स्टॉलवाल्याने याच बटणाचं जास्त कौतुक केलं होतं. आईने ‘आजाऱ्यांसाठी’ लावली. बाईचा आवाज गोड, मागे बासरी. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, “हिचा पेशंट कोण?”

आईला यंत्रांचं वावडं असेल असं समजू नका. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं, त्या परंपरेत ती तयार झाली. तिच्या काळी ऑपरेशनच्या आधी टेबलाजवळ प्रार्थना व्हायची, पेशंटचं नाव घेऊन, त्याचं दुखणं सांगून. पण त्याआधी ऑटोक्लेव्हचा, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, काटा बघायचा. वाफ १२१ अंशांवर गेली, तिथे पुरेसा वेळ टिकली, तरच अवजारं बाहेर काढायची. “तिथेही १२१, स्तोत्रही १२१,” असं ती हसून सांगते. काटा न बघता डोळे मिटणाऱ्या नर्सला तिने बाहेर काढलं असतं. थिएटरात भक्ती आणि यंत्र यांचं भांडण तिने कधी पाहिलंच नाही. प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं.

म्हणूनच तिचा प्रश्न मला दुकानदार म्हणूनही पटतो. भरून ठेवलेल्या प्रार्थनेला पेशंट नाही. त्याच रोमकरांस पत्रात, दोन अध्याय आधी, पौल म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आई प्रार्थना करताना मध्येच थांबते, कधी नुसतं “देवा” म्हणून गप्प राहते. रेकॉर्डिंगमध्ये असल्या जागा कापून टाकतात. मी कॅसेटच्या जमान्यातला, मलाही ‘गॅप काढून टाका’ हेच शिकवलं होतं.

मिरजेत हे समजावायला लांब जावं लागत नाही. सतारमेकर गल्लीच्या या गावात इलेक्ट्रॉनिक तानपुरे माझ्याकडेही दुरुस्तीला येतात. तासन्‌तास सूर धरतात, तार उतरत नाही, गवयाची सोय होते. गायचं मात्र गवयालाच.

शहाण्यांनाही हा मोह आवरत नाही. अमेरिकेत ‘कॅथोलिक आन्सर्स’ या संस्थेने २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रश्नांना उत्तरं देणारा संगणकी ‘फादर जस्टिन’ आणला होता. लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की काही दिवसांतच त्याचं फादरपण काढून नुसता ‘जस्टिन’ करावा लागला. माहिती द्यायला त्याला कुणाची ना नव्हती. पाद्र्याची गळ्यातली पांढरी पट्टी लोकांना खुपली.

याउलट आमच्या मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घ्या. शुभेच्छांच्या फुलांनी फोन भरतो, जागा संपली म्हणून लोक माझ्याकडेच येतात. पण मध्यंतरी तिथे विनंती आली, अमक्या भावाच्या बायकोचं ऑपरेशन, बी निगेटिव्ह रक्त हवंय, प्रार्थनेत धरा. आईला मी वाचून दाखवलं. तिने नाव विचारलं, वॉर्ड विचारला, डोळे मिटले. तोवर सांगलीतले दोघं ब्लड बँकेकडे निघालेसुद्धा होते. इथे मोबाईलने प्रार्थनेची जागा घेतली नाही, नाव पोचवलं. खोक्याच्या बटणाला हेच जमत नाही, कारण त्याच्यात नाव घालायची सोयच नाही.

गाण्यांच्या भागाबद्दल दोन शब्द. सगळी कीबोर्डवरची, हिंदी चालींची. आपल्या साताऱ्यात १९१७ ला ‘देवाचा दरबार’ मांडणाऱ्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एकही भजन नाही. मराठी खोका म्हणून विकता आणि टिळक नाहीत, हे काही बरं नाही. मेमरी कार्डात जागा भरपूर आहे, मी आमच्या उपासनेतली टाळ-पेटीची भजनं रेकॉर्ड करून घातली. घरसभेत आता तीच वाजतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर वाचनाला साडेचार, बटणांना एक, सोलरला अर्धा. प्रार्थनेच्या बटणाला मी गुण देत नाही. आईने त्यावर चिकटपट्टी लावून घेतलीय, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. सेल दोन-तीन वर्षांनी दमेल, तेव्हा खोका फेकू नका. कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे बदलून मिळतो. फक्त सेल त्याला जपणाऱ्या सर्किटसकट घाला, नुसता स्वस्तातला घातलात तर तो तापून धोका होऊ शकतो.