रंकाळ्याची फेरी की तालमीतले जोर?

खिशात पैसे कमी म्हणून कोल्हापुरात व्यायाम अडत नाही. घोळ एवढाच, रंकाळा तलावाची फेरी की कुस्तीची तालीम?

रंकाळ्यावर खर्च फक्त बुटांचा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा वेगानं चालायचं. रोज 30 मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली 150 मिनिटं भरली. धोका एकच, परतीच्या वाटेवरची मिसळ.

पण नुसत्या चालण्यानं दंड-खांदे तसेच राहतात. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायामही हवाच, आणि तिथं तालीम भारी पडते. हळद, तेल, ताक घातलेल्या लाल मातीचा वास, शेजारी धापा टाकणारं पोरगं, चुकलं की पाठीवर वस्तादांची थाप. यंत्र एकही नाही. आपलंच वजन उचलायचं. मी पहिल्याच दिवशी जोशात पंचवीस जोर मारले, दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बाहीत हात जाईना. दहापासून सुरू करा. गुडघे कुरकुरत असतील तर बैठका आवरा, सरळ रंकाळा गाठा.

तिशीच्या आत असाल तर माझं मत तालमीला. मी आता पंचेचाळिशीत, तीन दिवस पाणी बघतो, दोन दिवस माती.