"शाळेला अनुदान लागतंय" म्हणून शिक्षिकेकडून पैसे घेतात, सावध राहा

जून जवळ आला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जाहिरात हमखास फिरते: इंग्रजी विषयासाठी अर्धवेळ शिक्षिका पाहिजे, एम.ए. बी.एड.ला प्राधान्य. अशाच जाहिरातीवरून मी एका तालुक्याच्या गावातल्या खासगी इंग्रजी शाळेत लागले. शाळेचं नाव इथे देत नाही, तक्रार अजून चालू आहे.

मानधन महिना चार हजार ठरलं. संस्थाचालकांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी माझ्या वडिलांसमोर शासन निर्णयाची झेरॉक्स ठेवली. "ताई, शाळेला वीस टक्के अनुदान लागतंय. मग चाळीस, मग साठ. प्रस्तावात तुमचं नाव टाकतो. फक्त संस्थेला दीड लाख विकास निधी द्या."

तो शासन निर्णय खरा होता, आणि लोक अडकतात ते त्यामुळेच. २०१६ पासून राज्यातल्या कित्येक विनाअनुदानित शाळांना २० टक्क्यांपासून टप्पा अनुदान, म्हणजे पगारासाठी टप्प्याटप्प्याने वाढणारं सरकारी अनुदान, मिळत गेलं. वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवून शेवटी पगार सुरू झालेले शिक्षक आपल्याकडे प्रत्येकाच्या नात्यात सापडतात. त्यांच्याकडे पाहूनच वडिलांनी कापसाचे पैसे काढले, आईच्या पोतीवर कर्ज घेतलं आणि रोख रक्कम दिली. पावती "प्रस्ताव मंजूर झाल्यावर" मिळणार होती.

पण ही शाळा २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली उघडलेली. अशा शाळेला सरकारी अनुदान मिळतच नाही. म्हणजे माझं नाव जाणार होतं तो प्रस्ताव अस्तित्वातच नव्हता, आणि पैसे मागताना आबांना हे पक्कं ठाऊक होतं.

मुलं मात्र गुणी होती. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि पुस्तक इंग्रजी, अशी त्यांची कसरत. "मॅडम, माले समजनं नही" म्हणणारी पोरं वर्षाअखेरीस इंग्रजीत चार वाक्यं धीटपणे बोलायला लागली. त्यांच्या आईबापांनी त्यासाठी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली होती. त्या फीतून शिकवणाऱ्यांना काय मिळत होतं? आमच्या सह्या पगारपत्रकावर मोठ्या रकमेसमोर घेत आणि हातात चार हजार ठेवत, तेही दोन-दोन महिने थांबवून. मूळ गुणपत्रिका आणि बी.एड.चं प्रमाणपत्र "प्रस्तावासाठी" ऑफिसच्या कपाटात. ते अडकलं की दुसरीकडे मुलाखतीला जाणंही अवघड होतं. नेमणुकीचा लेखी आदेश कुणालाच नाही.

खरं काय ते माहितीच्या अधिकारातून कळलं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज टाकला, शाळेच्या मान्यता आदेशाची प्रत मागितली. ती घेऊन आबांकडे गेले, तर उत्तर आलं, "कसले पैसे? तुम्ही तर तात्पुरत्या तासिकेवर होता." माझ्यासारखंच आणखी तिघींकडून घेतलं होतं. त्यातली एक नंदुरबार जिल्ह्यातली, नवऱ्यामागे दोन लेकरं सांभाळणारी. तिच्याबद्दल मला आजही जास्त वाईट वाटतं.

कामगार कार्यालयातून मदत मिळेल असं वाटलं होतं. पण शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल आहे, तो तिथल्या लोकांनी दाखवला. खासगी शाळांतल्या नोकरीच्या तक्रारींसाठी शाळा न्यायाधिकरण आहे, पण तिथेही नेमणुकीचा कागद विचारतातच. शेवटी आम्ही चौघींनी मिळून पोलिसांत अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा. अर्ज गेल्यावर आठवड्यात प्रमाणपत्रं परत आली. पैसे आलेले नाहीत.

जून तोंडावर आहे म्हणून सांगते. रुजू होण्याआधी यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीच्या, संकेतस्थळावर शाळा शोधा, ती अनुदानित की विनाअनुदानित हे तिथे दिसतं. मान्यता आदेश मागा आणि त्यात "स्वयंअर्थसहाय्यित" हा शब्द आहे का पाहा. असेल तर अनुदानाच्या नावाने एक रुपयाही देऊ नका. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत नेमणुकीच्या आदेशाचा नमुनाच दिलेला आहे, तसा आदेश मागून घ्या. मूळ कागद दाखवा, ठेवू देऊ नका. आणि ज्यांनी आधीच पैसे दिले आहेत त्यांनी आबा, अण्णा, दादा जे कोणी असतील त्यांचे मेसेज पुसू नका. आमच्या अर्जासोबत पुरावा म्हणून तेवढेच जोडता आले.